तगतरावाचं जहाज

सर,

आयर्लंडच्या लोकांनी बटाटा सडल्यावर भाकरी का खाल्ली नाही, हा आमच्या आबांचा प्रश्न तुम्ही शेवटपर्यंत नीट सोडवला नाहीत. तुम्ही खूप बोललात, फळाभर लिहिलंत, एकदा तर आमच्या ओट्यावर बसून कोळशाने फरशीवर अख्खं इंग्लंड काढून दाखवलंत, आणि आबा ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले होते, "नकाशा झकास शे मास्तर, पन भाकरनं काय?" परवा सुरतेत माझ्या वर्गात तोच प्रश्न पुन्हा आला. एका पोराने हात वर करून विचारलं, "बेन, बटाटा नव्हता तर त्यांनी पोहे का नाही खाल्ले?" इथे शाळा मराठी असली तरी बाईंना बेनच म्हणतात. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आतून तुमचा आवाज निघाला. तेच खाकरणं, तेच "मूर्खा, आधी ऐकून घे". पोरं हसली, मीही हसले, आणि तास संपल्यावर ही वही उघडून बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे, तेव्हा जरा मोकळेपणाने लिहिते.

पुस्तकात आयर्लंडचा दुष्काळ साडेतीन ओळींत उरकला होता. तुम्ही त्या साडेतीन ओळींना तीन आठवडे दिलेत, आणि मग वेळ उरला नाही म्हणून फ्रेंच राज्यक्रांती दीड तासात उडवलीत. धरणगाव तालुक्यातल्या आमच्या त्या कोरड्या गावात, जिथे निम्म्या पोरांनी तापीपलीकडचं काही पाहिलं नव्हतं, तिथे आयर्लंडमधल्या कुळांची खोपटं आम्हाला पाठ झाली. तुम्ही फळ्यावर त्या देशाचा नकाशा काढायचात तो एका बाजूने कुरतडलेल्या पापडासारखा दिसायचा. जमीन सगळी बड्या जमीनदारांची, त्यातले बरेच इंग्लंडात राहणारे. कुळाच्या वाट्याला गव्हाचं, ओटचं जे पिकेल ते जमिनीच्या खंडापायी जायचं, आणि पोटासाठी उरायचा तो एका तुकड्यातला बटाटा, तोही सगळ्या मुलखात जवळजवळ एकाच जातीचा. मग रोग आला. आज हिरवं दिसणारं पान आठवडाभरात काळं, आणि खणून बघावं तर खाली नुसता लगदा. "आणि त्याच वर्षी," असं म्हणून तुम्ही थांबायचात, चष्मा काढायचात, "त्याच वर्षी बंदरातून धान्याची जहाजं बाहेर जात होती. आधी धान्य गेलं. मग माणसं गेली." इथे तुमचा आवाज हमखास कापायचा. शेवटच्या बाकावरची पोरं त्यावर पैजा लावत, हे तुम्हाला कधी कळलं नाही.

सहामाहीला तुम्ही प्रश्न टाकलात, "आयर्लंडमधील दुष्काळाची कारणे लिहा." मी लिहिलं, "तेथील लोक दादर लावत नव्हते." दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, हिवाळ्यात नुसत्या ओलीवर येणारी. तुम्ही मला शून्य दिलंत आणि ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचायला लावलंत. मी वाचलं, आणि झालं असं की सगळ्या वर्गाला ते पटलं. एकाने तर टाळी वाजवली. तुम्ही इतके लाल झालात की मला वाटलं छडी येणार, पण तुम्ही विचारलंत, "हे कुणाचं डोकं?" मी म्हणाले, "आबांचं." त्या संध्याकाळी तुम्ही सायकल मारत आमच्या घरी आलात, बापाला समज द्यायला.

आबांना समज देणं म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आमचे आबा चौथी शिकलेले, पण वाद घालायला बसले की तालुक्यातला वकील त्यांच्यापुढे पाणी मागायचा. चहा घेताघेता त्यांनी सुरुवात केली. "मास्तर, आलू नही पिकना ते ज्वारी खावानी. त्यामां मरानं काय कारन?" तुम्ही जमीनदार समजावलात, खंड समजावलात. आबांनी मान डोलावली. "म्हंजे धान्य व्हतं, पन भाईर जाये." तुम्ही म्हणालात, "अगदी बरोबर." आबा म्हणाले, "मंग त्यामां नवं काय शे? आपली केळी वॅगन भरीसन दिल्लीले जातस, आपन खातस का?" तुम्ही हरखलात. वर्गात तीन आठवडे घसा कोरडा करून जे आम्हाला कळलं नव्हतं ते आबांनी एका घोटात गिळलं होतं. तुम्ही उत्साहाने पुढे सरकलात आणि म्हणालात, "म्हणूनच सांगतो, सगळ्या गावाने एकटा कापूस लावू नये. एक रोग आला की सगळं बसलं." आबा शांतपणे म्हणाले, "कापूस सडना ते आम्ही तो खातस का, मास्तर? तुमना आयर्लंडनी चूक येगळी, आमनी येगळी." पुढे तास-दीड तास तुम्ही दोघं अशा दमाने भांडलात की शेजारचे लोक ऐकायला येऊन बसले. मध्येच मायने आतून विचारलं, "मंग त्या बाया चूलवर काय ठेवेत, मास्तर?" एवढ्या मोठ्या दुष्काळाचं सगळं तुम्हाला पाठ होतं, हे तेवढं नव्हतं. मायने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा समोर ठेवला, तुम्ही मान खाली घालून जेवलात, आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालात की शून्य तसंच राहील.

त्यानंतर आमच्याकडेच पावसाने पाठ फिरवली. एक वर्ष कसंबसं गेलं, दुसऱ्या वर्षी कापूस गुडघ्याएवढाही झाला नाही, आणि दादर लावायला जमिनीत ओलच नव्हती. आबा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. घरोघरी सुरतेची बोलणी सुरू झाली. धरणगावच्या स्टेशनात पॅसेंजर पकडायची, सुरतेत उतरायचं, पुढे कापडाच्या लूमवर काम. आधी गेलेला एक जण दुसऱ्याला ओढायचा, दुसरा तिसऱ्याला. माझ्या मामांनी तर आबांसाठी लूमवर जागा बोलून ठेवली होती आणि संक्रांतीपर्यंत वाट बघतो असा निरोप धाडला होता. आबा जात नव्हते ते माझ्यामुळे. "पोरनी दहावी होऊ दे," एवढंच म्हणायचे.

आणि दहावीच बुडायला आली होती. हेडसरांकडे वरून कागद आला की दहावीचा पट अमुक आकड्याखाली गेला तर वर्ग बंद, मुलांनी धरणगाव किंवा एरंडोलला जावं, आणि एक शिक्षक अतिरिक्त. तो एक शिक्षक कोण हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता, कारण गणिताच्या सरांना कुणी हलवत नसतं. पट त्या आकड्याच्या वर जेमतेम तीन-चार डोक्यांनी होता. पोरगे सायकलवर धरणगाव गाठतील, पण आम्हा पाच मुलींची दहावी तिथेच संपणार, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं तरी सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही मात्र बोललात. भर वर्गात आम्हा पाचजणींकडे बोट करून म्हणालात, "या पाच जणी बोर्डाला बसल्या नाहीत तर मी इतिहास शिकवणं सोडून देईन." वर्गातल्या पोरांना ती धमकी न वाटता आशा वाटली.

सुरतेला निघालेलं गाव थांबवायचं म्हणून तुम्ही नाटक काढलंत. स्नेहसंमेलनात दरवर्षी शिवरायांचा एखादा प्रवेश व्हायचा. त्या वर्षी तुम्ही आयर्लंड आणलंत. तीन अंक स्वतः लिहिलेत. पहिल्यात बटाटा सडतो, दुसऱ्यात जमीनदार कुळांना घराबाहेर काढतो, तिसऱ्यात सगळे अमेरिकेच्या जहाजात बसतात, पण थोरला मुलगा शेवटच्या क्षणी जहाजावरून उतरतो, म्हाताऱ्या आईच्या पाया पडतो आणि म्हणतो, "आई, मी जात नाही, मी पीक बदलीन." मग आई भाषण करते. पानभर भाषण. गावात राहा, पिकं पालटा, शाळा टिकवा. आई मी. तुम्ही मला म्हणालात, "तू वाद घालणाऱ्या माणसाची मुलगी आहेस, हे भाषण तूच करू शकतेस." मला ते बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. आयर्लंडची म्हातारी मायच्या जुन्या लुगड्यात उभी राहिली, कपाळावर कुंकू नको म्हणून तुम्ही सांगितलं होतं, पण मायने घराबाहेर पडताना लावलंच. जमीनदाराची हॅट लग्नाच्या बॅण्डवाल्याकडून आणली, तिला पिवळी पिसं होती.

पहिला घोटाळा बटाट्यांचा झाला. तुम्ही स्वतःच्या पैशाने बाजारातून पाच किलो बटाटे आणून त्यांना काजळी फासायला दिलेत, आणि नाटकाच्या आदल्या दिवशी नटमंडळींनी ते धुऊन, उकडून, मीठ लावून खाल्ले. दोन वर्षांच्या दुष्काळात पाच किलो बटाटे पोरांच्या ताब्यात द्यायचे नसतात, एवढं आयर्लंडच्या अभ्यासकाला कळायला हवं होतं. ऐनवेळी काय करायचं? तेव्हा हॅटवाल्या जमीनदाराने, म्हणजे पाटलांच्या पोराने, त्यांच्या विहिरीवरची भरताची वांगी आणली. मोठाली वांगी तुरखाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर, भाजली की बाहेरून कशी काळीठिक्कर पडतात, तीच सडलेले बटाटे म्हणून स्टेजवर मांडली. दिसायला अव्वल. पण पहिल्या अंकात मी ते उचलून "अरे देवा, सगळं पीक गेलं!" म्हणून हंबरडा फोडला आणि साली फाटून भाजल्या वांग्याचा वास समोरच्या बायांपर्यंत गेला. शोक कुणालाच झाला नाही. मागून एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "कांद्यानी पात शे का कोनाकडे?" तुम्ही पडद्याआडून मला हाताने खुणा करत होतात, रड, आणखी रड.

खरा घोटाळा जहाजाचा. मैदानावर दिसेल असं जहाज आणायचं कुठून? तुम्ही धुळ्याचे, शहरात वाढलेले, तुम्हाला जी सगळ्यात उंच आणि चाकांवर चालणारी लाकडी वस्तू गावात दिसली ती तुम्ही मागितलीत. ती म्हणजे आमचा तगतराव. जत्रेत देवाच्या नावाने मिरवतो तो मजलेदार गाडा, ज्यावर तमाशाची मंडळी चढतात आणि ज्याला नवसाचे बैल जुंपतात. तुम्ही रीतसर पंचांची परवानगी काढलीत, त्यांनीही शाळेचं काम म्हणून दिली. त्याला चादरीचं शीड लावलंत, पुठ्ठ्याचा नांगर टांगलात. तुम्ही आम्हाला तालमीत सांगत होतात की ही जहाजं म्हणजे तरंगत्या तिरड्या होत्या, कित्येक जण वाटेतच मेले, तेव्हा चढताना पाय जड पडले पाहिजेत. पण गावाच्या डोळ्यांना ते जहाज कुठून दिसणार? त्यांना तगतराव दिसला. आणि तगतराव दिसला की आमचं गाव काय करतं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

तिसरा अंक. संध्याकाळची उन्हं, मैदान भरलेलं, आबा अगदी पुढे, खडी फोडून तसेच आलेले. आयर्लंडचे लोक बोचकी घेऊन रडत रडत गाड्यावर चढतात. बैल जुंपलेले. गाडा हलतो. आणि पुढच्या क्षणी कुणीतरी नारळ फोडतो. मग दुसरा. बाया उठून हळद-कुंकू वाहतात, पोरं गुलाल उधळतात, डफवाल्याला राहवत नाही आणि तो डफ काढतो. आयर्लंडमधली उपाशी माणसं गुलालाने माखून, खोबऱ्याचे तुकडे झेलत अमेरिकेला निघाली आहेत, आणि तुम्ही मैदानाच्या कडेने धावत ओरडताय, "शोक! शोक करा! अहो हा शोकाचा प्रसंग आहे!" एवढ्यात थोरल्या मुलाला आपलं काम आठवलं आणि तो उतरायला पाय खाली सोडतो, तर चारी बाजूंनी आरडाओरडा, "ए पोऱ्या! चालता तगतराववरथून उतरतस का रे?" तगतराव निघाला की वेशीपर्यंत जाऊन थांबेतो कुणी उतरायचं नाही, हा आमच्या गावचा नेम. त्या पोराचा स्वतःचा बाप काठी घेऊन उभा राहिला. पोराने पाय वर घेतला. गाडा वेशीकडे गेला, त्याच्या मागे निम्मं गाव, आणि स्टेजवर मी एकटी म्हातारी उरले, समोर उरलेलं निम्मं गाव, आबा, आणि पानभर भाषण.

मी ते भाषण केलं नाही. "मी पीक बदलीन" म्हणणारा मुलगाच जाऊन बसला होता, मी कुणाला थोपटणार? मी जाणाऱ्या गाड्याकडे हात केला आणि म्हणाले, "जा रे बाबा, सुखाने जा. आमची काळजी करू नको. तिथे पोचलास की कळव." एवढंच. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो तुमच्या उभ्या नोकरीत त्या शाळेने ऐकला नसेल. पहिल्या रांगेतल्या दोन बाया पदराने डोळे पुसत होत्या. तुम्हाला शेवटी शोक मिळाला, पण उलट्या जागी.

पुढच्या पंधरवड्यात गावातली अकरा घरं सुरतेला गेली. संक्रांतीच्या आत आमचंही गेलं. तुम्ही धरणगावच्या फलाटावर आलात, सायकल तशीच बाहेर टाकून, आणि आबांना थांबवायला लागलात. तुम्ही म्हणालात की जो देश आपली माणसं बाहेर धाडून त्यांच्या पैशावर जगायला शिकतो त्याला मग माणसंच धाडायची सवय लागते. तिकडे अमेरिकेहून पत्र यायचं, पत्रात पैसे यायचे, त्या पैशात धाकट्याचं तिकीट निघायचं, आणि पाठीमागे शेतांची कुरणं झाली, मेंढरं चरायला लागली. फलाटावरचे लोक जमून ऐकत होते, एका हमालाने तर डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगं ना? ज्या जहाजमां बठनात, त्या जगनात." तुम्ही म्हणालात, "मी हे सांगितलं नव्हतं." आबा म्हणाले, "पन अख्खा गावनी हाईच ऐकं." गाडी सुटली. खिडकीतून तुम्ही मला विचारलंत, "पुस्तकं घेतलीस का?" मी पिशवी वर करून दाखवली.

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी सुरतेत, आमच्या खोलीच्या दारात तुम्ही उभे. काखेत गुंडाळफळा, हातात हजेरीपट, शर्टावर रेल्वेची काजळी. आबा रात्रपाळी करून नुकते आडवे झाले होते, डोळे किलकिले करून म्हणाले, "काय मास्तर, तुम्हीबी जहाज धरं का?" तुम्ही फळा खिळ्याला टांगलात. दहावीची सात पोरं सुरतेत होती, त्यातल्या आम्ही तिघी मुली. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी तुम्ही यायचात. इतिहासाचा माणूस, पण बीजगणित शिकवलंत, आणि ते इतकं वाईट शिकवलंत की एकदा बाजूच्या खोलीतल्या गुजराती काकांनी येऊन गणित सोडवून दिलं आणि तुम्ही त्यांना वाकून नमस्कार केलात. लूमचा आवाज इतका की तुम्हाला ओरडून शिकवावं लागायचं, सनावळ्या सगळ्या चाळीला पाठ झाल्या. माय प्रत्येक वेळी तुम्हाला जेवू घालायची. हजेरीपटाचं त्या काळात काय झालं, आम्ही गावात हजर होतो की सुरतेत, याबद्दल मी आजही काही लिहीत नाही. हेडसरांना सगळं माहीत होतं असा माझा संशय आहे, कारण त्या महिन्यांत त्यांनी चष्म्याचा नंबर वाढल्याची तक्रार फार केली.

बोर्डाच्या परीक्षेला तुम्ही आम्हा सातांना पॅसेंजरने परत घेऊन गेलात. डब्यात जागा नव्हती, आम्ही दाराजवळ पिशव्यांवर बसलो होतो. सगळे पेंगत असताना तुम्ही मला हळूच विचारलंत, "त्या दिवशी भाषण विसरलीस ना?" मी म्हणाले, "हो सर." तुम्ही म्हणालात, "होतं असं. माझी चूक. तगतराव घ्यायला नको होता." आणि तुमच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. आम्ही सातही पास झालो. गावात राहिलेल्या दोघींपैकी एक पास झाली, एक पुढच्या वेळी. तरीही पुढच्या वर्षी वर्ग बंद झाला, तुम्ही अतिरिक्त ठरलात आणि तुम्हाला साक्रीकडे डोंगरातल्या एका शाळेत टाकलं. तिथे तुम्ही काय शिकवलंत मला माहीत नाही. चार-पाच वर्षांनी गावाहून आलेल्या एका बाईने आमच्या खोलीत बसून सहज सांगितलं की ते आलूवाले मास्तर वारले, कावीळ झाली होती म्हणे. मी तेव्हा शिकवायला लागले होते. त्या दिवशी मी वर्ग सोडून दिला आणि पोरांना कारण सांगितलं नाही.

गावी आता जाते तेव्हा तुमचं बरोबर निघालेलं दिसतं. घरं पक्की झाली, स्लॅब पडले, प्रत्येक दारावर सुरतेच्या पैशाची फरशी, आणि दाराला कुलूप. निम्मी शेतं बटाईवर. शाळेच्या आवारात खरोखरच मेंढरं बसवतात. आबा शेवटपर्यंत म्हणायचे की मास्तर शहाणा होता, पण त्याला भाकरीचं उत्तर आलं नाही.

आता ज्यासाठी वही उघडली ते लिहिते. मी भाषण विसरले नव्हते. आत्ताही म्हणून दाखवू शकते, अगदी तुम्ही जिथे स्वल्पविराम दिला होता तिथे थांबून. त्या संध्याकाळी समोर आबा बसले होते. महिनाभर त्यांनी कुणाशी वाद घातला नव्हता. खडीवरून यायचे, हातपाय धुवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आमच्या घरात आबा गप्प बसले याची मला जेवढी भीती वाटली तेवढी दुष्काळाची कधी वाटली नाही. ते माझ्या दहावीसाठी थांबले होते, आणि घरात त्यांना "जा" म्हणायची माझी छाती नव्हती. स्टेजवर होती. मी गाड्याकडे हात केला, पण बोलले ते त्यांच्याशी. त्यांनी ते ऐकलं, त्यांना कळलं, आणि बाकीच्या गावानेही ऐकलं, त्याला माझा इलाज नव्हता. तुमची जागा गेली ती तगतरावामुळे नाही, माझ्या त्या शब्दांमुळे. तुम्हाला गाडीत हे सांगायला हवं होतं. पण तुम्ही स्वतःवर घेऊन इतके निवांत झाला होतात, आणि मला तुमच्यासमोर खोटी ठरायचं नव्हतं.

माफी मागावी म्हणून बसले होते, सर. इतकं लिहून झाल्यावर लक्षात आलं की मला मागता येत नाही, कारण पुन्हा ती संध्याकाळ आली, पुढे आबा तसेच गप्प बसलेले असले, तर तुम्हाला साक्रीला जावं लागणार हे माहीत असूनही मी तेच म्हणेन. म्हणून हे कुणाला दाखवत नाही. तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. पाठवलं असतं तर पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा दारात आला असतात, आणि हे सगळं मला तुमच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं.